ज्ञानेश: नाव एक, उच्चार चार

गेल्या वर्षी आषाढाच्या सुमारास क्वात्र बोर्नच्या बाजूला एका मराठी घरी बारशाला जाण्याचा आम्हांस योग आला. आपल्या बेटावर ते थंडीचे दिवस. बाहेर वाक्वाकडून आलेली झिमझिम लागलेली, आत माणसांची गर्दी आणि मधोमध फुलांनी सजवलेला पाळणा. बाळाच्या आत्याने रीतीप्रमाणे वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर' केले, नाव सांगितले आणि मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले: "ज्ञानेश!"

आत्याबाई शाळेत शेवटपर्यंत मराठी शिकलेल्या. त्यांनी उच्चार केला तो 'द्‌न्यानेश' असा, अगदी पुण्यामुंबईकडच्या माणसासारखा. शेजारच्या भोजपुरी मावशींनी लगेच बाळाच्या गालाला हात लावून म्हटले, "ग्यानेश! किती छान नाव!" त्यांच्या मागे उभे असलेले तमिळ मास्तर, घरातल्यांचे जुने स्नेही, म्हणाले, "ञानेश. आमच्यातही हे नाव आहे." आणि पाळण्याला टांगलेले रोमन अक्षरांतले कार्ड वाचून एक पंधरा वर्षांचा भाचा अडखळत म्हणाला, "डिन्यानेस?"

पाच मिनिटांत एका मुलाची चार नावे झाली. सगळे हसले. आम्हीही हसलो. पण त्याच हसण्यात एक लहानशी गोष्ट घडली, तिच्याकडे आमचे लक्ष तेव्हा गेले नाही. ती पुढे सांगू. प्रथम हे नाव त्या घरात आले कसे, ते पाहू.

पंडितांनी दिलेले अक्षर

बाळाचा जन्म उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या चौथ्या चरणावर झालेला. आपल्यापैकी पुष्कळ घरांत अजूनही पंडितांकडून नावाचे अक्षर काढून घेतात. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, असा तो हिशेब आहे. उत्तराभाद्रपदाची अक्षरे आहेत दू, थ, झ आणि ञ. म्हणजे या बाळाच्या वाट्याला आले ते 'ञ'.

आता वाचकहो, 'ञ'ने सुरू होणारे एक तरी मराठी नाव आठवून पाहा! बैठकेत आपण सर्वांनी 'च, छ, ज, झ, ञ' अशी ओळ पाठ केली, पण त्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा शब्द कोणी गुरुजींनी फळ्यावर लिहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. अशा वेळी काही पंडित 'ज्ञ' घेण्याची सवलत देतात, कारण 'ज्ञ'च्या पोटात 'ञ' असतोच. या पंडितांनीही तेच सांगितले. बाळाच्या आईने एका रात्रीत नाव शोधले: ज्ञान अधिक ईश, तो ज्ञानेश. ज्ञानाचा स्वामी. गण अधिक ईश म्हणजे गणेश, हा जो संधी आपल्या बेटावरचे प्रत्येक मराठी पोर गणेश चतुर्थीला नकळत म्हणत असते, तोच हा संधी.

नाव सर्वांना आवडले. आमच्या बेटावर ते विरळाच ऐकू येते. रोहन, आर्यन, ईशान अशी सुटसुटीत नावे आता घरोघर आहेत, कारण ती मराठीत, हिंदीत, फ्रेंचमध्ये आणि क्रेओलमध्ये सारखीच म्हणता येतात. 'ज्ञ'चे नाव ठेवायला थोडे धाडस लागते.

महाराष्ट्रात मात्र हे नाव परके नाही. तेथे त्याच्या मागे सातशे वर्षांपूर्वीचा एक तरुण उभा आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ सालचा मानतात. १२९० साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी नेवासे येथे गीतेवरची टीका सांगितली. सुमारे नऊ हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपण 'ज्ञानेश्वरी' म्हणून ओळखतो. १२९६ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी आळंदीस समाधी घेतली. ग्रंथात ते स्वतःला 'ज्ञानदेव' म्हणतात. लोकांनी त्यांना ज्ञानेश्वर म्हटले, ज्ञानोबा म्हटले आणि शेवटी 'माऊली' म्हटले. म्हणून महाराष्ट्रात खेडोपाडी ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 'ज्ञानेश' हे त्यांचेच धाकटे, सुटसुटीत भावंड.

या अक्षरात आहे तरी काय?

बारशाहून परतताना आमच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. चार माणसांपैकी बरोबर कोण होते? घरी येऊन पुस्तके काढली, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले त्याने आमचीच फजिती झाली.

'ज्ञ' हे मुळात जोडाक्षर. ज् आणि ञ मिळून ते होते. संस्कृतात दोन्ही ध्वनी स्वच्छ उच्चारले जात असावेत. ज आणि ञ ही एकाच वर्गातली अक्षरे, जिभेची जागाही एकच. पण ही जोडी तोंडातून नीट काढणे अवघड, म्हणून प्रत्येक प्रांताने आपल्या जिभेला सोयीची वाट काढली. मराठी माणसाने जीभ पुढे दातांकडे आणली आणि 'द्‌न्य' म्हटले. हिंदी आणि भोजपुरी बोलणाऱ्यांनी ती मागे नेली आणि 'ग्य' म्हटले. गुजरात्यांनी 'ग्न' म्हटले. तेलुगू भाषकांच्या तोंडी 'ग्न्य'च्या जवळचा ध्वनी येतो. बंगाल्यांनी तर विज्ञानाचे 'बिग्गान' केले. तमिळांनी आधीचा 'ज' सोडून दिला आणि नुसता 'ञ' ठेवला, म्हणून त्यांच्याकडे ज्ञान म्हणजे 'ञानम्'.

म्हणजे काय झाले? शुद्ध ज् आणि ञ आज बाजारात, शाळेत, रस्त्यावर कोणीच म्हणत नाही. थोडे वैदिक पंडित वगळले तर सर्वांनीच मूळ उच्चार सोडलेला आहे. आपण मराठी लोक यज्ञाला 'यद्‌न्य' म्हणतो आणि शेजारी 'यग्य' म्हणतात. दोघेही मूळ घरापासून सारखेच दूर. तेव्हा एकाने दुसऱ्याला हसण्यात अर्थ नाही.

भारतातल्या मोठ्या संस्थांचीही यात एकवाक्यता नाही. 'ज्ञानपीठ' पुरस्कार १९६५ सालापासून दिला जातो. १९७४ साली तो वि. स. खांडेकरांना मिळाला, १९८७ साली कुसुमाग्रजांना, २००३ साली विंदा करंदीकरांना आणि २०१४ साली भालचंद्र नेमाडे यांना. त्याचे रोमन लेखन 'जे-एन' असे होते, दिल्लीत त्याला 'ग्यानपीठ' म्हणतात आणि नाशिकात 'द्‌न्यानपीठ'. पुण्याची १९६२ साली निघालेली ज्ञानप्रबोधिनी रोमन लिपीत आपले नाव 'जे-एन'ने लिहिते, तर १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्राचे नाव 'डी-एन-वाय'ने लिहिले जाते. प्रभात कंपनीने १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' हा चित्रपट काढला, त्यात शाहू मोडकांनी ज्ञानेश्वरांचे काम केले होते. पुढे १९६४ साली त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला आणि तोच संत हिंदी पडद्यावर 'ग्यानेश्वर' झाला. संत एकच, नागरी अक्षरेही तीच, बदलली ती फक्त बोलणाऱ्याची जीभ.

आता आमच्या बेटाची गंमत ऐका. गुजराती पद्धतीने ज्ञान लिहिताना 'जी-एन' अशी अक्षरे वापरतात. पण फ्रेंचमध्ये 'जी-एन' या जोडीचा उच्चार काय होतो? आपण मोंताञ ब्लांशला जातो, मोंताञ लोंगला जातो. गावच्या पाटीवर 'जी-एन' असते, पण कोणी 'मोंताग्ने' म्हणत नाही. तोंडातून येतो तो स्वच्छ 'ञ'. म्हणजे आपल्या बाळाचे नाव 'जी-एन'ने लिहून दिले, तर शाळेतल्या मिस पहिल्याच दिवशी 'ञानेश' अशी हाक मारतील. आणि पंडितांनी अक्षर दिले होते तेही 'ञ'च! तमिळ मास्तर बारशाला जे म्हणाले तेच. मराठी पंचांगाला जे नाव सापडले नाही, ते फ्रेंच वाचनाने आपोआप सापडते.

आमच्या घरातले उदाहरण

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेता येते. पण नाव तोंडात असते तसे कागदावरही असते, आणि कागद हसत नाही.

आमच्याच एका चुलत भावाचे उदाहरण घ्या. त्याचे नावही ज्ञानेशच ठेवले होते. ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. काका जन्माची नोंद करायला गेले ते तोंडी नाव सांगूनच. खिडकीपलीकडच्या माणसाने कधी न ऐकलेले नाव ऐकले आणि जे ओळखीचे वाटले ते लिहिले. एक 'वाय' गळला आणि ज्ञानेशचा गणेश झाला. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. काकांनी नाव लिहून नेले नव्हते आणि परत आल्यावर कागद वाचूनही पाहिला नव्हता. घरी ज्ञानेश, शाळेत गणेश. पुढे एका शिक्षकांनी दयाबुद्धीने खरे नाव विचारून परीक्षेच्या अर्जावर तिसरेच स्पेलिंग घातले. स्कूल सर्टिफिकेट एका नावाचे, जन्माचा दाखला दुसऱ्या नावाचा. नोकरी लागताना प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट काढताना प्रतिज्ञापत्र. आता निवृत्तीच्या वयाकडे झुकलेला हा आमचा भाऊ म्हणतो, "मी दोन माणसे आहे हे सिद्ध करणे सोपे. दोन्ही मीच, हे सिद्ध करणे अवघड."

ही त्याच्या एकट्याची कथा नव्हे. आपण सर्व या बेटावर अशाच एका खिडकीतून आत आलो आहोत. १८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख मजूर मॉरिशसला आले. मुंबई बंदरातून जे आले त्यांत कोकणातल्या माणसांचा मोठा भरणा होता. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांनी आपले नाव तोंडी सांगितले आणि लिहिणाऱ्याने आपल्या कानाला जसे आले तसे उतरवून घेतले. गावची आडनावे मागे राहिली आणि पुष्कळांच्या बाबतीत पूर्वजाचे नुसते नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. या बेटावर एका 'लक्ष्मण'ची आडनावे किती झाली पाहा! कोणी 'एल-यू-एक्स'ने लिहितो, कोणी 'एल-यू-सी-एच'ने, कोणी मध्ये एक 'टी' घालतो. 'कृष्णा'च्या पोटात कुठे 'टी' शिरला, कुठे नाही. सख्खे चुलत भाऊ असूनही कागदावर परके झालेले लोक आपल्या ओळखीचे असतील.

ज्यांना आपले मूळ शोधावेसे वाटते ते मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जातात. स्थलांतरितांची जुनी दप्तरे तेथे जपून ठेवलेली आहेत. पण ती शोधायला बसले की पहिला प्रश्न हाच येतो: त्या दिवशी त्या लेखनिकाने आपल्या पणजोबांचे नाव कोणत्या अक्षरांनी लिहिले असेल? एका माणसाच्या एका क्षणाच्या ऐकण्यावर सहा पिढ्यांचे नाव ठरले. तेव्हा आपल्या माणसांना लिहिता येत नव्हते, म्हणून इलाज नव्हता. आज आपल्याला लिहिता येते.

आजींचे मौन

आता बारशातली राहून गेलेली गोष्ट. आत्याने नाव सांगितल्यावर बाळाची आजी पाळण्याजवळ आली. वय सत्तरीच्या पुढचे. शाळेचे तोंड तिने फारसे पाहिलेले नाही. बाळाकडे पाहून ती आनंदाने म्हणाली, "ये रे माझ्या ग्यानू, ये रे ग्यानबा!" तिथेच मराठीचे एक गुरुजी उभे होते. मोठे तळमळीचे गृहस्थ. भाषा शुद्ध राहावी म्हणून आयुष्यभर झटलेले. ते चटकन म्हणाले, "आजी, 'ग्या' नव्हे, 'द्‌न्या' म्हणा. 'ग्या' हे हिंदी झाले. आपण मराठी ना?" आजी हसल्या, पदर सावरला आणि बाजूला झाल्या. आम्ही शेजारीच होतो. आम्ही काय केले? गुरुजींच्या बोलण्याला मान डोलावली.

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. जन्मनोंदणीला कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. त्यांतले मोजकेच दिवस उरले होते आणि स्पेलिंगचे काही ठरेना, म्हणून बाळाच्या वडिलांनी सल्ला विचारायला बोलावले होते. चहा घेताना बाळाच्या आईने हळूच सांगितले, "बारशापासून आई बाळाला नावाने हाकच मारत नाहीत. नुसते 'बाळा' म्हणतात. मी विचारले तर म्हणाल्या, 'मला तुमचे ते नाव येत नाही गं, चुकीचे बोलले तर पोराला तशीच सवय लागेल.'"

वाचकहो, हे ऐकून आम्हांस आमच्या त्या डोलावलेल्या मानेची लाज वाटली. ज्या नातवासाठी तिने महिनाभर दुपटी शिवली, त्याचेच नाव घ्यायला आजीची जीभ कचरू लागली होती. आणि हे सारे कशासाठी, तर मराठी शुद्ध राहावी म्हणून!

खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. हा शब्दप्रयोग आपण ऐकला असेल. एखाद्या गोष्टीत आत दडलेली खोच असली की मराठी माणूस तिला 'ग्यानबाची मेख' म्हणतो. 'द्‌न्यानबाची मेख' असे कोणी म्हणत नाही. हा ग्यानबा हिंदीतून आलेला नाही. तो महाराष्ट्राच्या मातीतलाच. दर वर्षी आषाढी वारीला आळंदीहून माऊलींची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा शेतकरी-कष्टकरी वारकऱ्यांच्या तोंडी गजर असतो तो 'ग्यानबा-तुकाराम' असा. शहरातला शिकलेला मराठी माणूस 'द्‌न्य' म्हणतो, खेड्यातला मराठी माणूस ज्ञानोबाला प्रेमाने ग्यानबा म्हणतो. दोन्ही मराठीच. आणि आपले पूर्वज या बेटावर आले ते पाठशाळेतून नव्हे, शेतांतून आणि खेड्यांतून.

आम्ही आजींच्या जवळ जाऊन बसलो आणि विचारले, "आजी, हे 'ग्यानबा' तुम्ही कुठे ऐकलेत?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा बाबा म्हणायचा. उसाच्या मळ्यातून आला की रात्री टाळ घेऊन बसायचा. 'ग्यानबा-तुकाराम, ग्यानबा-तुकाराम.' त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या बापाने शिकवलं होतं म्हणे. मला वाटलं, आता बाबाचंच नाव घरात आलं. म्हणून तसं बोलले. चुकलं असेल."

आम्ही म्हणालो, "आजी, चुकले तुमचे नाही, आमचे चुकले." आणि वर सांगितलेली सगळी हकिगत त्यांना सांगितली. पालखीची, वारकऱ्यांची आणि मेखेचीही. मेखेला त्या मनापासून हसल्या.

विचार करा. पुस्तक नाही, शाळा नाही, अशा स्थितीत बापाकडून मुलीकडे आलेला शब्द त्या बाईने आयुष्यभर जपला. आपण तो चुकीचा ठरवून एका वाक्यात बंद करायला निघालो होतो. गुरुजींचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. त्यांच्यासारख्या माणसांमुळेच या बेटावर मराठी अक्षर टिकले. पुढे आम्ही त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते स्वतः आजींना भेटून आले, हे त्यांच्या मोठेपणाला साजेसेच झाले.

मग करावे काय?

या साऱ्या प्रकरणातून आमच्या मनात जे ठरले ते वाचकांपुढे ठेवतो. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी विचार करावा. नाव ज्ञानेश असो, हृषीकेश असो की यज्ञेश, हे सर्वांनाच लागू पडते.

पहिली गोष्ट, लिहिण्याच्या बाबतीत कडक राहावे. नोंदणीला जाण्यापूर्वी घरात बसून एकच स्पेलिंग ठरवावे, मोठ्या ठळक अक्षरांत कागदावर लिहावे आणि तो कागदच खिडकीत द्यावा. दाखला हातात आला की तिथेच उभे राहून अक्षर न् अक्षर वाचावे. मग लसीच्या कार्डापासून शाळेच्या नोंदवहीपर्यंत तेच स्पेलिंग चालवावे. आज सारी दप्तरे संगणकावर गेली आहेत. संगणकाला 'असेच काहीतरी नाव असेल' हे समजत नाही.

कोणते स्पेलिंग घ्यावे? 'डी-एन-वाय' घेतले तर महाराष्ट्रातल्या माणसाला चटकन कळेल, पण इथे जन्मभर उच्चार समजावून सांगावा लागेल. 'जी-वाय' घेतले तर बेटावर बहुतेकांना ते सहज वाचता येईल. 'जी-एन' घेतले तर 'ञ' म्हणायची तयारी ठेवावी. 'जे-एन' पंडितांना पसंत, पण फ्रेंच डोळ्यांना तो 'जे' वेगळाच दिसेल. यांतले कोणतेही पाप नव्हे. दोन ठिकाणी दोन लिहिणे, हे मात्र टाळावे.

दुसरी गोष्ट, बोलण्याच्या बाबतीत उदार राहावे. आजी ग्यानू म्हणो, आत्या द्‌न्यानेश म्हणो, शेजारचे मास्तर ञानेश म्हणोत. मूल फार शहाणे असते. कोणती हाक कोणाची, हे त्याला बोलता येण्यापूर्वीच कळते. एका मुलाला चार उच्चार असणे म्हणजे त्याच्यावर चार घरांचे प्रेम असणे. या बेटावर ते आपल्याला फुकट मिळते आहे.

तिसरी गोष्ट, मुलाला त्याचे नाव नागरी लिपीत लिहायला लवकर शिकवावे. बाराखडीच्या तक्त्यावर 'ज्ञ' अगदी शेवटी बसलेला असतो. बैठकेत पोरे त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता कंटाळतात. ज्याच्या नावातच 'ज्ञ' आहे त्याने तेथूनच सुरुवात करावी. रोमन अक्षरांत त्याचे नाव चार तऱ्हांनी लिहिता येईल, नागरीत ते एकच आहे आणि एकच राहील. द्‌न्या म्हणणारा, ग्या म्हणणारा, दोघेही लिहितात तेच एक अक्षर.

त्या दिवशी बाळाच्या वडिलांनी हे सारे ऐकून घेतले. कार्डावरचे 'डी-एन-वाय' त्यांनी स्वतःच हौसेने लिहिले होते. ते आईकडे पाहून म्हणाले, "आई, सरकारी कागदावर तुझेच नाव घालू. 'जी-वाय'. शाळेत त्याला तुझ्यासारखीच हाक मारू देत. 'द्‌न्या' मी त्याला घरी शिकवीन." मुदतीचे चार दिवस बाकी असताना नोंद झाली. कागद लिहून नेला होता आणि खिडकीतच वाचून घेतला, असे त्यांनी आम्हांस मुद्दाम कळवले.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. 'ज्ञ' हा जड, परका, पंडिती आवाज आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी. संस्कृतातला 'ज्ञा', म्हणजे जाणणे, हा धातू फार जुन्या कुळातला. लॅटिन आणि ग्रीक भाषांत त्याचे भाऊबंद आहेत. इंग्रजीत 'जाणणे' या अर्थाचा 'नो' हा शब्द लिहिताना आरंभी जो मुका 'के' घालतात, तो त्याच कुळाची खूण. पूर्वी तो बोललाही जाई. फ्रेंचमधले 'कोनेत्र' त्याच घराण्यातले, आणि त्यापासून आपल्या क्रेओलमध्ये आले ते 'कोने'. म्हणजे आपली पोरे दिवसातून वीस वेळा खांदे उडवून 'मो पा कोने' म्हणतात, तेव्हा माहीत नाही असे सांगतानाही ती ज्ञानाचेच नाव घेत असतात.

ग्यानू आता वर्षाचा झाला आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा तो भिंतीला धरून उभा होता. आईने हाक मारली, आत्याने मारली, आम्हीही मारली. त्याने मान वळवून सगळ्यांकडे पाहिले. मग स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, "ग्यानबा!" आणि भिंत सोडून तो दोन पावले चालला.